मुकी शाळा

आमच्या शाळेला भिंती चार होत्या आणि वर्गही चारच होते. या जमून आलेल्या गोष्टीचा गुरुजींनी पुरेपूर फायदा घेतला होता. प्रत्येक वर्गाला त्यांनी एकेक भिंत वाटून दिली होती. चौथी उगवतीच्या भिंतीकडे तोंड करून बसायची, तिसरी मावळतीच्या, दुसरी खिडकीच्या. उरलेली दाराची भिंत पहिलीला. पण पहिलीत पोरं इतकी, की ती दारातून ओट्यावर आणि ओट्यावरून थेट खालच्या कडुनिंबापर्यंत सांडलेली असायची. एका वर्गाला दुसऱ्या वर्गाचं तोंड दिसत नसे, फक्त पाठी दिसत. तोंड दिसलं की पोरं हसतात आणि हसली की आवरत नाहीत, असा गुरुजींचा हिशेब होता. खोलीच्या मधोमध एक खुर्ची होती. तिच्यावर गुरुजी बसलेले मी फारसे पाहिले नाहीत. एका हातानं तिची पाठ धरून ते चारी बाजूंना वळत राहायचे: इकडे पाढा म्हणा, तिकडे शुद्धलेखन लिहा, पलीकडे कविता पाठ करा, आणि दाराबाहेर नुसतंच गप्प बसा.

पटावर ब्याण्णव पोरं आणि शिकवायला एक माणूस. तेव्हा आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. आभाळ एक असतं तसे गुरुजी एक असतात, अशीच आमची समजूत. ते सोनाळ्याकडचे. बायकामुलं तिकडेच, इथे विठ्ठलाच्या देवळामागच्या खोलीत एकटे राहायचे, आणि सकाळी त्यांच्या खोलीतून पहिला आवाज यायचा तो मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा. चार वर्गांवर ओरडून त्यांचा घसा कायमचा बसला होता. दुपारनंतर तर ते बोलतच नसत, खडूनं फळ्यावर ठकठक करत. एकदा ठक म्हणजे तिसरी, दोनदा म्हणजे चौथी. आम्ही त्या ठकठकीवर उठायचो, बसायचो.

मी दुसरीतून तिसरीत गेले त्या साली गुरुजींनी मला बोलावलं आणि म्हणाले, "अनसूया, तुझा आवाज खणखणीत आहे. पहिलीला जरा बाराखडी म्हणून दाखवत जा." वरच्या वर्गातल्या पोरानं खालच्याला शिकवायचं ही रीत तेव्हा सगळ्याच एकशिक्षकी शाळांत होती, त्यात नवल नव्हतं. नवल इतकंच, की 'जरा' म्हणून गेलेली मी परत आत आलेच नाही. आधी बाराखडी, मग अंक, मग पाट्या तपासणं, मग दुसरीचंही वाचन. मी तिसरीत असून तिसरीच्या भिंतीकडे तोंड केलं नाही, आणि चौथीत गेले ते नावापुरती. कडुनिंबाखाली माझी जागा ठरलेली, हातात तुरीची काडी, समोर पोट्टेच पोट्टे. ते मला अनसाबाई म्हणायचे. दहा वर्षांच्या पोरीला कुणी बाई म्हटलं की तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही, माझंही राहिलं नव्हतं. गुरुजी रोज हजेरी घ्यायचे, पण माझं नाव त्यांनी त्या काळात एकदाही पुकारलं नाही. मी बाहेर आहेच, हे दारातून ऐकू येत असे. ते नाव न घेता खूण करून पुढे जायचे. मला तो मान वाटायचा. आता वाटतं, दोन वर्षं मी त्या शाळेत रोज होते आणि तरीही नव्हते.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे आमच्या भाजीच्या वाडीतच होतं. वांगी, मिरची, कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला दोन वाफे मेथीचे. मोताळ्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी अंगणात भाजीचा ढीग पडायचा आणि पाण्यानं भिजवलेल्या गोणपाटाचा वास घरभर फिरायचा. बाबा पहाटेच मोट जुंपायचे. मोटेच्या चाकाची कुरकुर, मग पाणी थारोळ्यात पडल्याचा धबाका, मग बाबांचं बैलांशी लांबलचक बोलणं, हे तीन आवाज एकामागून एक आले की माय म्हणायची, "उठ वं, दिवस निघाला." भाकरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची, जाडजूड, तव्यावरून थेट ताटात. तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर शेंगदाण्याच्या तेलाची धार. हिवाळ्यात विहिरीजवळ काट्याकुट्यांवर वांगी भाजून माय भरीत करायची, आणि त्यात कांद्याची पात इतकी घालायची की बाबा विचारायचे, "भरीत वांग्याचं हाये का पातीचं?" माय म्हणायची, "खा मुकाट्यानं. वांगे बाजारात गेले." आमच्या घरात बाबा आवाज करायचे आणि माय निर्णय घ्यायची. पण माझ्या शाळेचा निर्णय मात्र बाबांनी स्वतःकडे ठेवला होता, आणि तो सरळ होता: चौथी पास झाली तर मोताळ्याला आत्याकडे राहून पाचवीत. नापास झाली तर वाडीत. दुसऱ्यांदा बसणं वगैरे काही नाही. "पोट्ट्यायले शिकवते ना तू? मंग पास व्हशीनच," असं ते अगदी विश्वासानं म्हणायचे. त्यांचा विश्वास मोडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून चौथीचं गणिताचं पुस्तक माझ्या पिशवीत अजून कोरं आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आता पोरांच्या लपवालपवीबद्दल. मी तिसरीत असताना तपासणी आली. तपासणी म्हणजे तालुक्याहून साहेब येणार, शाळा पाहणार आणि शेरेबुकात शेरा लिहिणार. गाव त्यांना दिपोटी म्हणायचं. त्या शेऱ्याची दहशत अशी, की आठ दिवस आधी शाळा शेणानं सारवली जायची, भिंतींना चुना, दाराला आंब्याचा टाळ. आमचे पाटील सरपंच होते, माणूस वाईट नव्हता, पण गावाच्या इज्जतीचा भारी भोक्ता. ते शाळेत आले, ओट्यावर सांडलेली पहिली पाहिली, कुणाचं नाक वाहतंय, कुणी आपल्याच पाटीवर थुंकून पुसतंय, आणि म्हणाले, "गुरुजी, हे असं दाखवता काय दिपोटीले? तो काय म्हनंन, गाव हाये का कोंडवाडा? लहाने पोट्टे त्या दिवशी नेऊन घाला कुठं तरी." गुरुजींनाही भीती होतीच. इतक्या गोंधळात कोणताच वर्ग धड उत्तर देणार नाही आणि शेरा खराब पडेल. त्यांनी मान हलवली. मग प्रश्न आला, नेऊन घालायचं कुठे आणि आवरणार कोण. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तपासणीच्या दिवशी पहिली-दुसरीची साठाहून अधिक पोरं मी आमच्या वाडीत नेली, विहिरीमागे, चिंचेखाली, शाळेतून दिसणार नाही अशा जागी. आणि त्यांना एक खेळ शिकवला. त्याचं नाव मीच ठेवलं: मुकी शाळा. यात सगळं शाळेसारखं करायचं, हजेरी, पाढे, कविता, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. ज्याचा आवाज निघेल तो बाद. शेवटपर्यंत टिकतील त्यांना गाजर. काय सांगू, साठ पोरं अडीच तास ओठ हलवत बसली. मोटेची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. बाबा मधून मधून येऊन पाहायचे आणि तोंडावर हात ठेवून हसायचे. मला त्या दिवशी स्वतःचा इतका अभिमान वाटला होता की आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

साहेबांना शाळा फार आवडली. आटोपशीर तीस पोरं, स्वच्छ खोली, उत्तरं पटापट. बाकीची कुठे आहेत विचारलं तर पाटील म्हणाले, "कपाशीची येचणी चालू हाये, साहेब. वावरात गेले पोट्टे." साहेबांनी शेरा लिहिला. गुरुजींनी त्याच्या आधी दोन महिने दुसऱ्या शिक्षकाची मागणी केली होती, तो अर्ज उन्हाळ्याच्या तोंडाला परत आला. गुरुजी तो दारात उभं राहून पाटलांना वाचून दाखवत होते आणि मी कडुनिंबाखाली कान देऊन ऐकत होते. तपासणीच्या दिवशीची उपस्थिती पाहता शाळेस एक शिक्षक पुरेसा आहे. इतर दिवसांची हजेरी फुगवून दाखवलेली दिसते, याबद्दल शिक्षकानं खुलासा करावा.

पाटील म्हणाले, "म्हंजे?"

"म्हणजे मी खोटी हजेरी लावतो," गुरुजी म्हणाले. ज्या माणसानं कधी कुणाची एक खूण खोटी केली नाही, तो माणूस. ते थोडं हसले, मग पायरीवर बसले. पाटील गेल्यावर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अनसूया," ते म्हणाले, "आपण फार छान लपवलं बघ."

रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तपासणीची चिठ्ठी आली. मी चौथीत. पहिली आणखी फुगली होती, कारण गावात आता माझ्यासारख्या आणखी मुलींनाही शाळेत घालायला लागले होते. मला वाटलं, या खेपेला गुरुजी सगळी पोरं दाखवतील, साहेब डोकी मोजतील, दुसरे गुरुजी येतील आणि मी चौथीच्या भिंतीकडे तोंड करून बसेन. परीक्षेला चार महिने होते. माझा हिशेब तयार होता. तर आदल्या दिवशी दुपारी गुरुजींनी मला बोलावलं आणि नजर चुकवत म्हणाले, "उद्या मागच्यासारखंच. वाडीत."

"काऊन पण गुरुजी? दिपोटी तं मंग यंदाही एकच गुरुजी लिहीन ना!"

"लिहू दे." त्यांचा आवाज जेमतेम निघत होता. "मागच्या खेपेला तीस दाखवली. आता शंभरावर दाखवली तर म्हणतील, शेजारच्या गावातून पोरं गोळा करून आणली. आधीच खोट्या हजेरीचा ठपका आहे. नोकरी गेली तर घरी काय सांगू मी?"

गुरुजी घाबरू शकतात हेच मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी माय चुलीपुढे आणि बाबा वाफ्यावरून हात धुऊन आलेले, तेव्हा मी विषय काढला. सरळ विचारायची छाती नव्हती म्हणून आडून विचारलं. "बाबा, वांग्याचं रोप दाट झालं तं तुमी इरळ करता ना?"

"हाव. नाही तं एकही धड वाढत नाही."

"मंग शाळेत काऊन नाही करत?"

"रोप मी उपटून फेकतो. पोट्टे उपटून फेकू काय?" बाबा स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. माय हसली नाही. भाकरी उलटता उलटता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या पिशवीतलं ते गणिताचं पुस्तक पाह्यलं मी. मले वाचता येत नाही, पण कोरं पुस्तक मले समजते." बाबांचं हसू थांबलं. ते एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या ताटात त्या दिवशी ठेचा जास्त तिखट लागला.

दुसऱ्या दिवशी मी पोरं वाडीत नेली. हो, नेली, आधीच ठरवून मोठं बंड केलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. गुरुजींचा शब्द मोडणं मला जमत नव्हतं. चिंचेखाली बसवून मी मुकी शाळा सुरू केली. पोरं आता तरबेज झाली होती. मी न बोलता नावं पुकारली, त्यांनी न बोलता हजर म्हटलं. मोट कुरकुरत होती. तेवढ्यात सुमी नावाची एक पोरगी होती, पहिलीत जूनमध्येच आलेली, पाटी छातीशी धरून बसायची, ती उठून माझ्याजवळ आली. खेळातून बाद होईल हे माहीत असून मोठ्यांदा म्हणाली, "अनसाबाई, दिपोटी आपल्याले काऊन पाह्यत नाही? आपुन खराब हाओ काय?"

पोरांचे ओठ हलायचे थांबले. सगळी माझ्याकडे पाहायला लागली. आणि मला राग आला. पाटलांचा आला, गुरुजींचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला, कारण हा खेळ माझा होता. मी काडी फेकून दिली. "उठा रे सगळे," मी म्हटलं. "पाट्या घ्या. दोघा-दोघाची रांग करा. आता बोलायचं. जोरानं बोलायचं. बे एके बे!"

विहिरीजवळून रांग निघाली तेव्हा बाबांनी बैल थांबवले. "अनसे! कुठी चालली वं यायले घेऊन?"

"शाळेत."

"गुरुजीनं इथं ठेवाले सांगतलं ना?"

"हाव. पण मी नेऊन राह्यली." मी रांग थांबवली नाही. थांबले असते तर पुन्हा निघाले नसते. मागे मोटेचा आवाज बंद पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही. मी मान वळवून पाहिलं तर बाबा रांगेच्या शेवटी येत होते, हातात आसूड तसाच. ते मला मारायला येताहेत की सोबतीला, हे नाल्यापर्यंत मला कळलं नाही. नाल्यात त्यांनी दोन लहान्यांना काखोटीला मारलं, तेव्हा कळलं.

शाळेत साहेब खुर्चीवर बसून तिसरीला नद्या विचारत होते. आमचे पाढे आधी आत पोचले, मग आम्ही. पहिली दारातून आत शिरली, दुसरी तिच्या मागून, आणि क्षणात अशी गर्दी झाली की साहेबांनाच पाय वर घ्यावे लागले, मग ते उभे राहिले आणि त्यांची खुर्ची कुणीतरी ओट्यावर नेऊन ठेवली. चारी भिंतींना चिकटून पोरं, खिडकीत पोरं, फळ्याखाली पोरं. पाटलांचा चेहरा चुन्यासारखा झाला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं.

"ही कोणत्या गावची मुलं?" साहेबांनी विचारलं. गुरुजींना ज्याची भीती होती तोच प्रश्न.

"याच शाळंतली हायेत," मी म्हटलं. "मांगच्या वर्सीही होती. मी वाडीत लपवून ठेवली होती त्यायले."

"कुणी सांगितलं होतं लपवायला?"

सांगायचं नाही हे मी येतानाच ठरवलं होतं. पण गुरुजी पुढे झाले. बसलेल्या आवाजात, प्रत्येक शब्द तोडून म्हणाले, "मी सांगितलं साहेब. शेरा चांगला पडावा म्हणून. पोरीचा दोष नाही. हजेरी मात्र माझी खरी आहे. एकेक खूण खरी आहे."

साहेब पुण्याकडचे होते, बोलणं मोजकं. त्यांनी हजेरीपुस्तक स्वतःच्या हातात घेतलं आणि पहिलीपासून एकेक नाव पुकारायला लागले. बाहेरगावची पोरं असती तर तिथेच उघडं पडलं असतं. पण प्रत्येक नावाला कुठून तरी एक पाटी वर व्हायची आणि "हजर!" यायचं, कुणी खिडकीतून, कुणी पाटलांच्या पायाजवळून. सुमीनं तर दोनदा म्हटलं. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चार-पाच खरंच वेचणीला गेली होती, तेवढी सोडली तर सगळी होती. मी आपली पोरांना गप्प करण्यात गुंतले होते, एकाची पाटी दुसऱ्याच्या डोक्याला लागली होती. साहेब चौथीची नावं पुकारत होते. मध्येच एका नावाला कुणी उत्तर दिलं नाही. साहेबांनी पुन्हा पुकारलं, "अनसूया सुखदेव?" "गैरहजर," म्हणून ते खूण करणार, तेवढ्यात पहिलीतली सगळी पोरं एकदम ओरडली, "अनसाबाई, तुमचं नाव हाये!"

दोन वर्षांत ते नाव कुणी पुकारलंच नव्हतं. मला ते माझं म्हणून ऐकूच आलं नाही.

"तू चौथीत आहेस?" साहेब म्हणाले. "मग यांच्यात काय करतेस?"

"शिकवते."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "चारशे बत्तीस भागिले सोळा. मांड."

मी फळ्याजवळ गेले. चारशे बत्तीस लिहिले. सोळा लिहिले. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. सगळं गाव दारात गोळा झालेलं, बाबा आसूड घेऊन उंबऱ्यावर, ज्यांना वाटत होतं की लेक पास होणारच. मागून सुमीचा आवाज आला, "अनसाबाईले सारं येते!" तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खडू खाली ठेवून मी वळले आणि म्हटलं, "मले येत नाही, साहेब. मले पहिलीचं सारं येते, दुसरीचं येते. चौथीचं येत नाही. मी चौथीत बसलीच नाही. गुरुजी एक हायेत, ते तरी काय करतीन? आमाले दुसरे गुरुजी पाह्यजेत. मले चौथीत बसाचं हाये."

साहेबांनी विचारलं, "कुणाची मुलगी ही?"

"माही हाये, साहेब," बाबा उंबऱ्यावरून म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. पण ते तीन शब्द त्यांनी ज्या आवाजात म्हटले तो आवाज मी जपून ठेवला आहे.

साहेबांनी ओट्यावर बसून शेरा लिहिला, बराच वेळ लिहिला, आणि कुणाला न दाखवता गेले. गुरुजींना नंतर लेखी ताकीद आली. ती त्यांनी घडी करून हजेरीपुस्तकातच ठेवली, खूण म्हणून वापरायचे. पाटील महिनाभर आमच्या वाडीवरून गेले नाहीत, पण पुढे दुसरा शिक्षक आणल्याचं श्रेय भाषणात त्यांनीच घेतलं, आणि बाबांनी टाळ्याही वाजवल्या. मला गुरुजी त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "माझं ऐकलं नाहीस." मी म्हटलं, "नाही ऐकलं." मग आम्ही दोघं मिळून पोरांनी विस्कटलेल्या सतरंज्या झटकल्या.

पुढे मी स्वतः याच जिल्ह्यात शिक्षिका झाले. एका वर्गात सत्तर पोरंही सांभाळली, आणि तपासणीला एकही लपवलं नाही, उलट पाळण्यातलं भावंड कडेवर घेऊन आलेल्या पोरींनाही बसवून घेतलं. दर वर्षी वाढीव शिक्षकाची मागणी करायचे. अर्ज परत आला की दुसरा लिहायचे. वरचे लोक मला कटकटी बाई म्हणत, मला ते अनसाबाईइतकंच गोड वाटायचं. आता नातीच्या शाळेत गेले की लोक इमारत पाहतात, मी डोकी मोजते. लग्नाच्या पंगतीतही मोजते. वाढपी एक आणि पानं साठ असली की शेवटच्या पानावरचं पोर उपाशी राहतं, आणि ते मोठ्यांदा मागत नाही, हे मला माहीत आहे.

दुसरे गुरुजी संक्रांतीनंतर आले. रोहिणखेडचा तरणा माणूस, सायकलवर, डोक्याला मफलर. पहिली-दुसरी त्यांच्याकडे दिली. पोरं त्यांच्याजवळ जाईनात, म्हणून पहिल्या दिवशी मीच सगळ्यांना कडुनिंबाखाली नेऊन बसवलं, तुरीची काडी नव्या गुरुजींच्या हातात दिली आणि आत आले. उगवतीच्या भिंतीकडे तोंड करून चौथीच्या रांगेत बसले. भिंत इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला खालच्या बाजूला पोपडे आले होते.

गुरुजींनी हजेरीपुस्तक उघडलं. घसा थोडा मोकळा झाला होता. चौथीची नावं पुकारायला लागले आणि माझ्या नावापाशी आले तेव्हा सवयीनं खूण करून पुढे जाणार होते, ते थांबले. टाक वर धरला.

"अनसूया सुखदेव."

मी उभी राहिले. "हजर, गुरुजी."

त्यांनी खूण केली, नीट, सावकाश. मग वर न पाहता म्हणाले, "बस. चारशे बत्तीस भागिले सोळा. आज मांडायचं कसं ते सांगतो."

माझ्या पाटीवर सकाळी सुमीला गिरवायला काढून दिलेला ग होता. तो मी पुसला.